निंबसरला बघण्यासारखं काही नाही

"मग टिपणीसबाई, निंबसर घ्यायचं की गाळायचं?"

बेहेरेकाकांनी लाल पेन्सिल कानावरून काढून हातात घेतली. टेबलावर दक्षिण महाराष्ट्राच्या सहलीचा कागद पसरलेला होता. कोल्हापूर, पन्हाळा, नरसोबाची वाडी, मिरज, सगळं ठरलेलं. गुरुवारची दुपार तेवढी मोकळी होती आणि तिच्यापुढे त्यांनी 'निंबसर राजवाडा व बाग' असं लिहून प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

"गाळा," मी म्हणाले.

"गाळा? कारभाऱ्यांचं पत्र तर मोठं छान होतं. बागेत पाणी खेळतं म्हणे. पंपाशिवाय कारंजी उडतात."

"पत्रात काय, लिहितात लोक. रस्ता खराब आहे. राजवाड्यात चार पेंढा भरलेले वाघ आहेत, त्यांतल्या दोघांना डोळे नाहीत."

"आणि बाग?"

"बाग वाळलेली आहे, काका. निंबसरला बघण्यासारखं काही नाही."

बेहेरेकाका आधी शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी सदाशिव पेठेत दोन खोल्या घेऊन ही सहल-संस्था काढली होती. कोणतीही नवी जागा यादीत घ्यायची तर आधी मी एकटी जाऊन बघून यायचं, तिथलं जेवायचं, तिथली न्हाणीघरं तपासायची आणि मग जागा घेतली तर दर खेपेला पाहुण्यांबरोबर मीच जायचं, असा आमचा रिवाज होता. हे १९८६ सालचं. मी एकोणतीस वर्षांची होते आणि तोवर माझ्या शब्दावर त्यांनी कधी उलटा प्रश्न केला नव्हता.

"तुम्ही डोळ्यांनी बघून आलात. तुमचा शब्द," ते म्हणाले आणि त्यांनी निंबसरवर लाल रेघ मारली.

वाघांचं खरं होतं. रस्त्याचंही थोडंफार खरं होतं. बागेचं मात्र खोटं होतं.

दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, मी मिरजेहून एस.टी.नं निंबसरला उतरले होते. ऑगस्ट संपत आलेला, पण तो मुलूख दुष्काळी, त्यामुळे सगळीकडे करडी ढेकळं आणि बाभळी. असल्या ठिकाणी बाग काय असणार, असं मनाशी म्हणतच मी राजवाड्यात शिरले. कारभाऱ्यांनी स्वतः सगळं फिरवून दाखवलं. दरबार, शिकारखाना, राणीसाहेबांचा जिना. आपल्याकडच्या कुठल्याही लहान संस्थानात असतं तेवढंच. अर्ध्या तासात मी घड्याळ बघायला लागले.

"बागेत मात्र दौलूला बरोबर घ्या," कारभारी म्हणाले. "आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक."

दौलू म्हणजे तिथला माळी. पन्नाशीचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला. त्यानं मला आधी वरच्या टोकाला नेलं. बाग डोंगराच्या उतारावर चार टप्प्यांत उतरत गेलेली होती. वर एक तलाव, त्याला दगडी मोरी, आणि मोरीपासून खालपर्यंत कोरीव पाट. पाट कोरडे होते.

"पाणी राखून वापराय लागतंय," तो म्हणाला. "आठवड्यातनं एकदाच सोडतो. पर तुमी बगायला आलासा, मंग आज सोडतो. कारभाऱ्यास्नी सांगू नगा."

त्यानं मोरीच्या तोंडाची फळी उचलली. पाणी मोरीतून निघालं ते सरळ धावलं नाही. पाटात मधे मधे दगडी कासवं, मासे, कमळं कोरलेली होती, त्यांना वळसे घालत, कुठे थांबत, कुठे दोन वाटांनी फुटत ते चाललं.

"चला त्येच्यासंगं," दौलू म्हणाला.

मग मी पाण्याबरोबर चालायला लागले. ते पायऱ्यांवरून उतरलं की मी उतरायची. पहिल्या टप्प्यावर ते निशिगंधाच्या वाफ्यांत शिरलं, दुसऱ्यावर लिंबोणीच्या आळ्यांत, आणि तिसऱ्यावर एक मोठा अष्टकोनी हौद होता तो हळूहळू भरला आणि एकदम, कुठलाही आवाज न करता, हौदाच्या आठ कोपऱ्यांतून आठ कारंजी उठली. कमरेइतकी उंच. पंप नाही, वीज नाही. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

दौलू हसला. "समद्यांचं असंच हुतं. पर येतंय कोण? ट्रस्टवाले म्हणत्यात, दोन वर्सं बगू, माणसं आली तर बाग ठेवू, न्हाईतर मोरी बुजवून टाकू. तुमची गाडी दर गुरुवारी आली तर बाग ऱ्हातीया. काय लिवणार तुमी?"

"चांगलंच लिहीन, दौलूदादा. हे बघायला लोक मुंबईहून येतील."

हे मी मनापासून बोलले. तोवर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

चौथ्या टप्प्यावर, भिंतीच्या सावलीत, त्यानं मला कवठी चाफ्यापाशी नेलं. कवठी चाफा मी ओळखत होते. पुण्यात एका बंगल्यात पाहिलेला होता, आणि कुंपणाबाहेर उभं राहून त्याचा पिकल्या कवठासारखा वास घेतलेला होता. माझ्या गच्चीत तेव्हा एकेचाळीस कुंड्या होत्या. आमच्या इमारतीतल्या बायका त्या बघायला यायच्या आणि मला ते फार आवडायचं. कवठी चाफा तेवढा नव्हता. रोपवाटिकांतून आणलेला दोनदा मेला होता.

हे झाड माणसापेक्षा उंच होतं, पण बुंध्याला भोकं पडलेली आणि खाली लाकडाचा भुसा सांडलेला.

"खोडकिडा," दौलू म्हणाला. "थोरल्या राणीसाहेबांनी लावल्यालं. औंदा जातंय. लई औषधं केली. पर त्येचं लेकरू राखलंय मी."

एका फांदीला गोणपाटात बांधलेला मुठीएवढा गोळा होता. वर दुसऱ्या फांदीला एक मडकं टांगलेलं होतं आणि त्याच्या बुडाच्या भोकातून थेंब थेंब पाणी त्या गोळ्यावर पडत होतं. गुटी बांधलेली होती. फांदीची साल वर्तुळाकार सोलायची, तिथं माती नि शेवाळ बांधायचं, ते ओलं ठेवायचं, म्हणजे त्या जागी मुळं फुटतात आणि मग खालून कापलं की नवं रोप. दौलूनं गोणपाट जरासा उकलून दाखवला. आत पांढरीशुभ्र मुळं होती.

"ह्याच्या आधी चार बांदल्या, चारी वाळल्या. ही पाचवी. पाच म्हैने हुईत आले. गणपती बसले की उतरवणार."

"मला द्याल?" मी विचारलं.

त्यानं गोणपाट पुन्हा बांधला. "ही एकच हाय, बाई. झाड तर जाणार. असं करा, पुढच्या साली या. हिला फांद्या फुटल्या की तुमच्या नावानं एक बांदतो. खरंच बांदतो."

मग त्यानं एक मिटलेली कळी खुडून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "बसा इथं सावलीला. मी वर जाऊन फळी लावून येतो, न्हाईतर तलाव रिकामा हुईल."

तो चारी टप्पे चढून गेला. त्याला जाऊन यायला पाव तास तरी लागणार होता.

माझ्या शबनम पिशवीत फळं कापायची घडीची सुरी होती. मी काय करते आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मला इतकी वर्षं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला सगळं ठाऊक होतं. कुठे कापायचं तेही ठाऊक होतं, गोळ्याच्या दोन बोटं खाली. फांदी पेन्सिलीपेक्षा थोडी जाड होती, सुरी बोथट होती, त्यामुळे वेळ लागला. मी दोनदा वर पाहिलं. दौलू पाठमोरा, फळीशी वाकलेला दिसत होता. फांदी सुटली तेव्हा मी तिची वरची मोठी पानं मोडून भिंतीपलीकडे टाकली, राहिलेली टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत उभी घातली. मडकं तसंच गळत होतं. थेंब आता नुसत्या खुंटावर पडत होते.

मी त्याची वाट बघितली नाही. खालच्या फाटकाकडे निघाले. तो वरून ओरडला, "निघालासा? च्या तरी घ्या!"

"गाडी चुकेल!" मी ओरडले आणि हात हलवला. त्यानंही दोन्ही हात वर करून हलवले.

आता कळलं असेल, मी बेहेरेकाकांना 'गाळा' का म्हणाले. निंबसर घेतलं असतं तर दर गुरुवारी मलाच जावं लागलं असतं. दर गुरुवारी दौलूनं पाणी सोडलं असतं, मला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. एका फांदीसाठी मी एक बाग खोडून टाकली आणि वर 'वाळलेली' म्हणाले.

गुटी मी मोठ्या कुंडीत लावली. सावलीत ठेवली, वरून ओलं फडकं टाकलं. नवऱ्यानं विचारलं, कुठून आणली, तर म्हणाले, तिथल्या माळ्यानं प्रेमानं दिली. आठव्या दिवशी पहिलं पान गळलं. तीन आठवड्यांत नुसती काडी उरली. ती मी उपटली, कुंडीत तुळस लावली, आणि निंबसर हा विषय बंद केला.

तेवीस वर्षं बंद ठेवला. बेहेरेकाका गेले, त्यांच्या मुलानं संस्था मोठी केली, मी बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, भाचीच्या साखरपुड्याला मिरजेला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर पुण्याची गाडी बघायला गेले, तर शेजारच्या फलाटावर निंबसरची गाडी लागलेली. का चढले ते नीट सांगता येणार नाही. दौलूला भेटायचं, सांगून टाकायचं, असं तिकीट काढताना मनात होतं. उतरताना ते धाडस निम्म्यावर आलेलं होतं.

राजवाड्याचं दार उघडं होतं, पण बागेच्या फाटकाला साखळी. गजांतून पाहिलं. पाट मातीनं भरलेले, हौदात घाणेरीची झुडपं. वरचा तलाव बुजवून तिथे मंगल कार्यालय उठवलेलं होतं. पहारेकऱ्याला दौलू माळ्याचं विचारलं.

"दौलूतात्या? ते जाऊन सहा वर्सं झाली की. त्येंची भन हाय, हौसाक्का. नाक्याच्या मागं घर."

परत फिरायला तेवढं कारण पुरेसं होतं. तरी मी गेले.

हौसाक्का सत्तरीच्या होत्या. सोप्यात बसून सुपात शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, पुण्याहून आले, फार वर्षांपूर्वी दौलूदादांनी मला बाग दाखवली होती.

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "माझ्या दादाची बाग बगितलीया तुमी? पाणी सोडल्यालं बगितलंय? या, या, बसा." आणि आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, च्या ठेव गं, पावणी आलीया."

माझ्यासमोर त्यांनी मूठभर शेंगदाणे ठेवले. मी दादांबद्दल विचारलं.

"शेवटची सतरा वर्सं बोलला न्हाई माझ्यासंगं. एका गावात ऱ्हाऊन. सतरा भाऊबिजा मी ताट करून बसले. आला न्हाई."

"का?"

"एका गुटीपायी." त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "चाफ्याची गुटी बांदलीती त्येनं. जीव लावलाता. माझे मालक नाक्यावर रोपं इकायचे, त्येंनी मागितलीती, दादानं दिली न्हाई. आन एक दिवस गुटी चोरीला गेली. दादा तडक आला आन आमच्या समद्या कुंड्या उलथून बगितल्या. मालक म्हणाले, अरं, सकाळी पुण्याची बाई आलीती न्हवं बागेत, तिला इचार की. तर दादानं त्येंच्या तोंडात मारली. समद्या नाक्यासमोर. म्हणाला, शिकल्यासवरल्याली बाई, बागेसाठी चार शब्द लिवणार हाय, आन तू तिच्यावर आळ घेतोस? चोर तूच."

मी शेंगदाणे हातात धरून बसले होते.

"मालक मरंपतूर सांगत ऱ्हायले, मी न्हाई नेली. गावानं काय ऐकलं न्हाई. दादावानी माणूस खोटं कशाला बोलंल, म्हणायचे लोक. आन ती बाई काय लिवणार हुती ते तिचं तिलाच म्हाईत. दादा दर गुरुवारी फाटकापाशी जाऊन उभा ऱ्हायचा. गाडी काय आली न्हाई. मोरी बुजवली तवा त्यो तितंच बसून हुता."

आतून भांड्याचा आवाज येत होता. मला अजूनही उठता आलं असतं. चहा पिऊन, नमस्कार करून.

"हौसाक्का, ती बाई मी," मी म्हणाले.

"कोण बाई?"

"पुण्याची. गुटी मी नेली. दादा फळी लावायला वर गेले तेव्हा कापली."

त्यांचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या हातांकडे. मी शिव्यांची वाट बघत होते, रडण्याची वाट बघत होते. त्यांनी विचारलं,

"जगली का?"

"नाही. तीन आठवड्यांत गेली."

त्यांनी मान हलवली. मग आत बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "सूनबाई, च्या ठेवू नगंस."

आतला आवाज थांबला. मी शेंगदाणे सुपाच्या कडेला ठेवले आणि उठले. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"मला सांगून काय हुतंय? दादा न्हाई, मालक न्हाईत. नाक्यावर माझा ल्योक बसतोय, सर्जेराव. बापाचंच दुकान हाय त्ये. त्येला जाऊन सांगा. माझ्या मालकांचं नाव घिऊन सांगा. पांडुरंग गुरव."

नाका दोन मिनिटांवर होता. ती दोन मिनिटं मी कशी चालले, मला आठवत नाही. समोरच्या फाट्यावर मिरजेची गाडी उभी होती, कंडक्टर शेवटची हाळी देत होता, एवढं आठवतं. आणि हेही आठवतं, की माझी पावलं तिकडे वळली होती.

सर्जेराव तिशीपार झालेला, दणकट माणूस. टेम्पोत आंब्याची रोपं भरत होता. दोन शेतकरी पावतीसाठी थांबलेले, शेजारच्या सायकल दुकानापाशी तिघे-चौघे बसलेले.

"काय पायजे, मावशी? गुलाब हाय, मोगरा हाय."

"तुम्ही पांडुरंग गुरवांचे चिरंजीव?"

"व्हय."

मी सांगितलं. हळू आवाजात, त्याच्या अगदी जवळ जाऊन सांगितलं. सुरी, टॉवेल, सगळं. त्याच्या हातात आंब्याचं एक रोप होतं. ते त्यानं सांभाळून खाली ठेवलं.

"साळंत मला पोरं गुटी म्हणायची," तो म्हणाला. "नाव घिऊन कुणी हाकच मारत न्हवतं. आलं बगा गुटीचोराचं पोरगं, म्हणायची. मास्तरसुदीक हसायचे."

माझ्यामागे गाडी सुटल्याचा आवाज आला.

"नाव काय तुमचं?"

"सुनंदा टिपणीस."

त्यानं सायकल दुकानाकडे बघून हाक मारली, "ओ आण्णा, नामदेवतात्या, जरा हिकडं या. समदेच या." माणसं उठून आली. टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. दोघे शेतकरी जवळ सरकले. माझ्याभोवती सात-आठजण जमले. सर्जेरावनं हात फडक्याला पुसले आणि तो मला म्हणाला,

"आता सांगा. पयल्यापास्नं. आन जरा मोठ्यानं सांगा."

मी पदर सावरला. आणि पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.